आत्याच्या भुवया आणि 'दहा वर्षांनी तरुण'

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीनदा येऊन पडला. त्याचा मथितार्थ असा: बोटॉक्स-फिलर (सुरकुत्या घालवायची इंजेक्शनं) करून घ्या, दहा वर्षांनी तरुण दिसाल, समोरच्याचा पटकन विश्वास बसेल, काही केलंय हे कुणाला कळणार नाही, आणि एकदा केलं की चिंता मिटली. खाली अंगठ्यांची रांग.

आधी ती दहा वर्षं. २०१३ साली एका अभ्यासात चेहऱ्याची कॉस्मेटिक सर्जरी झालेल्या ४९ पेशंटचे आधीचे आणि नंतरचे फोटो तिऱ्हाइतांना दाखवून वय विचारलं. सरासरी फरक निघाला ३.१ वर्षांचा. तोही सुईने नव्हे, सुरी लावून! देखणेपणाचे मार्क तर जेमतेम हलले.

विश्वासाचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. अमेरिकेत २०१५ साली ३० गोऱ्या स्त्रियांच्या सर्जरीआधीच्या आणि नंतरच्या फोटोंवर लोकांची मतं घेतली. नंतरच्या फोटोत त्या जास्त आवडण्याजोग्या आणि मिळूनमिसळून वागणाऱ्या वाटल्या, हे खरं. विश्वासार्हतेत मात्र ठाम म्हणावी अशी वाढ दिसली नाही. भुवयांमधल्या उभ्या आठ्या गेल्या की माणूस कमी रागीट दिसतो, हेही मी नाकारत नाही. पण हे सगळे फोटो. फोटोतला माणूस बोलत नाही, हसत नाही, ऐकताना मान डोलावत नाही. मुलाखतीला किंवा मुलगी बघायला कोणी फोटो होऊन बसतं का?

आणि म्हणे कुणाला कळत नाही. पाचपाखाडीतल्या माझ्या आत्याने कपाळाला बोटॉक्स घेतलं. छान दिसत होती, खोटं कशाला बोलू. माझा चार वर्षांचा मुलगा तिला तलावपाळीवर पाहिलेल्या बदकाची गोष्ट सांगत होता. एरवी बदक पाण्यात पडलं की आत्याच्या भुवया थेट केसांपर्यंत जायच्या. या वेळी ती "अगं बाई!" म्हणाली, पण कपाळ जागचं हललं नाही. पोराने बदक परत पाण्यात पाडलं. मग अजून एकदा, मोठ्या आवाजात. त्याला वाटलं, आजीला ऐकूच आलं नाही.

यात डॉक्टरचं काही चुकलं नव्हतं. बोटॉक्स करतं तेच मुळी एवढं: नसेकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं. स्नायू आखडत नाही म्हणून सुरकुती पडत नाही, आणि त्याच कारणाने भुवईही वर जात नाही. डोस कमी ठेवला तर हालचाल थोडी राहते. पण रोजच्या माणसांनी आपला चेहरा हलतानाच पाहिलेला असतो, त्यांच्या नजरेतून हे सुटत नाही.

राहिलं 'एकदा केलं की'. बोटॉक्स तीन-चार महिन्यांत ओसरतं. हायलुरॉनिक ॲसिडचे फिलर, म्हणजे त्वचेखाली भरायचं जेल, जास्त टिकतात, पण शरीर तेही हळूहळू जिरवतं. चिंता मिटत नाही, तिची पुढची तारीख लागते.

मेसेज वाचून आमच्या मजल्यावरच्या काकूंनी मुलाच्या लग्नाच्या चार दिवस आधीची अपॉइंटमेंट घेतलीय. काकू, निदान ती तरी पुढे ढकला. औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात, आणि सुईचा काळानिळा डाग पडला तर तो हळदीच्या फोटोंत येईल.