किमती उतरल्या की मंदी आपोआप सरते का?

पुण्यातल्या उद्योजकांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा: मंदीत मागणी घटली की किमती आणि पगार उतरतात, स्वस्ताईमुळे गिऱ्हाईक परत येते आणि मागणी-पुरवठ्याचा मेळ बसतो, अमेरिकेने 1921 मध्ये काहीही न करता हे सिद्ध केले, आणि 1929 नंतर सरकारने लुडबुड केल्यामुळेच मंदी दहा वर्षे रेंगाळली.

पहिला दावा किमतींचा. मंदीत आधी उतरते ते उत्पादन. किंमत मागाहून, तीही अडखळत उतरते. 2019 मध्ये वाहनविक्री घसरली तेव्हा पिंपरी-चिंचवड, चाकणच्या पट्ट्यातल्या गाड्या काही निम्म्या किमतीला निघाल्या नाहीत. कारखान्यांनी ‘ब्लॉक क्लोजर’ घेतले, म्हणजे काही दिवस उत्पादन बंद ठेवले, आणि कंत्राटी कामगारांना घरी बसवले. भोसरीत जॉबवर्क करणाऱ्या एखाद्या लहान वर्कशॉपचा हिशेब मांडून पाहावा. मालकाने नगामागचा दर दोन रुपयांनी उतरवला, तरी वाहन कंपनीचे शेड्यूलच कमी झालेले असल्यामुळे एकूण काम वाढत नाही. फार तर शेजारच्या गाळ्यातले काम त्याच्याकडे येते. दुसरी पाळी बंद होते, हेल्पर जातो, सीएनसी मशीनचा हप्ता मात्र पूर्वीइतकाच राहतो. 2020 च्या एप्रिल ते जून तिमाहीत तर देशाचे उत्पादन सुमारे 24 टक्क्यांनी आक्रसले असतानाही किरकोळ महागाई 6 टक्क्यांच्या वर होती, कारण मागणीबरोबर पुरवठाही तुटला होता.

हप्त्याचा उल्लेख त्या मजकुरात कोठेच नाही, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. किमती आणि पगार उतरले तरी कर्जाचा आकडा उतरत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आयर्विंग फिशर यांनी 1933 मध्ये हेच दाखवले: देणे भागवण्यासाठी सगळेच माल विकायला काढतात, त्यामुळे किमती आणखी पडतात आणि उरलेले कर्ज अधिकच जड होते. आपल्याकडे 1930 नंतर शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर आले, पण सावकाराचे देणे रुपयांत होते तेवढेच राहिले. त्या काळात देशातून जे सोने बाहेर गेले, त्यात मोडलेले दागिने किती होते हे आठवले, तर स्वस्ताईने खरेदी वाढते असे कोणी सहज म्हणणार नाही.

1921 चा दाखला तर अर्धवटच दिलेला आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेचा भाग असलेल्या न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने जून 1920 मध्ये व्याजदर 7 टक्क्यांवर नेला होता आणि 1921 अखेर तो 4.5 टक्क्यांपर्यंत खाली आणला. याला हातावर हात ठेवून बसणे म्हणत नाहीत.

1929 नंतरची एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी पगार कापू नका असे उद्योगपतींना सांगितले होते आणि सुरुवातीला ते बऱ्याच अंशी पाळलेही गेले. पण 1931 च्या शरद ऋतूत पगारकपात सर्रास सुरू झाली, आणि 1932 हे वर्ष त्याहून वाईट गेले. 1933 पर्यंत ग्राहक किमती सुमारे चतुर्थांशाने पडल्या होत्या आणि बेकारीही सुमारे 25 टक्क्यांवर पोहोचली होती. उत्पादन सावरू लागले ते त्या वर्षी अमेरिकेने सुवर्णमानाचे, म्हणजे चलन सोन्याशी बांधून ठेवण्याचे, बंधन सोडल्यावर, म्हणजे किमती चढू लागल्यावर. पुढे 1937 च्या सुमारास सरकारी खर्चाला कात्री लागली, बँकांनी राखून ठेवायच्या रकमेचे प्रमाणही वाढवले गेले, आणि 1938 मध्ये बेकारी पुन्हा उसळली.