आयर्विनची पातळी आणि अण्णाचं कणखर मन

काल कट्ट्यावर परत तेच निघालं, शाळेत समुपदेशक ठेवायचा कोर्टाचा आदेश. अण्णानं भडंगाचा पुडा फोडला आणि सुरू झाला, "शंभर पोरांमागं एक समुपदेशक म्हणे. उद्या पोरगं शिंकलं तर सर्दीचा वेगळा नेमतील."

अण्णा म्हणजे आमचा हार्डवेअरवाला. जगातला कुठलाही प्रश्न त्याच्याकडं दोन गोष्टींनी सुटतो, एक एम-सील आणि दुसरी कानाखाली.

मास्तर म्हणजे सुन्या, नदीकाठच्या गावात हायस्कूलला आहे. त्यानं चहा फुंकत सांगितलं, "आधी नीट वाच लेका. शंभरामागं एक नाही, शंभर किंवा जास्त पोरं असली की त्या संस्थेत निदान एक. सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ ला सांगितलंय. आमच्यात चारशे पोरं आहेत आणि समुपदेशक म्हणून १४४१६ चं, त्या सरकारी टेली-मानस हेल्पलाईनचं, पोस्टर आहे. तेपण कपाटामागं."

पप्पू तोवर मोबाईलमध्ये घुसला होता, त्यानं आकडा वाचला, २०२२ ला देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला आणि त्यात सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात, १,७६४. जरा शांत झालं सगळं. टपरीवाल्या मामानंपण बर्नर बारीक केला.

"मोबाईल!" अण्णा ओरडला. "मोबाईल काढून घ्या पोरांचे, सगळं सरळ होतंय." हे बोलताना त्याच्या स्वतःच्या हातात रील चालू होतं, आवाज फुल, कुणीतरी बाई मिसळ करत होती.

मग अर्थातच आपल्या वेळचं. आपण छड्या खाल्ल्या, कोंबडा झालो, काय झालं आपल्याला?

दाद्या म्हणाला, "तुला काय झालं ते वहिनींना विचारू. स्पीकरवर."

दाद्याची पोरगी इंग्लिश मिडियमला, फी ऐकली तर आपल्यालाच समुपदेशन लागेल. तिथं समुपदेशक मॅडम आहेत म्हणे, एसी केबिन, पण केबिन काचेची आणि बरोबर प्रिन्सिपलच्या दारासमोर. कोण आत गेलं, कोण डोळे पुसत बाहेर आलं, सगळी शाळा बघते. मग जातंय कोण? दाद्याची पोरगी सांगत होती, एक मुलगी एकदा गेली तर वर्गात तिचं नावच पडलं 'केबिन'.

"हेच," मास्तर म्हणाला. "अरे भर वर्गात 'काय झालं गं, का रडतेस' असं विचारलं की पन्नास मुंडकी वळतात, ती पोरगी परत आयुष्यात रडायची नाही तुझ्यासमोर. मी काय करतो, हजेरीचं बुक देतो हातात, म्हणतो ऑफिसात देऊन ये, घाई नाही. ते नळावर तोंड धुऊन दहा मिनिटांनी येतंय. शिपाईमामांना माहितेय, ते बुक घेतात आणि काही विचारत नाहीत."

पप्पूनं विचारलं, हे ट्रेनिंगमध्ये शिकवतात काय? तर म्हणे ट्रेनिंग ऑनलाईन झालं, कॅमेरा बंद करून यानं डबा खाल्ला आणि सर्टिफिकेट आलं. "आणि ट्रेनिंगनंतर करायचं कधी? सकाळी खिचडीचा तांदूळ मोजा, मग यू-डायसवर शाळेची माहिती भरा, इलेक्शन आलं की बीएलओ म्हणून मतदारयाद्या. पोराचं मन आठव्या तासाला, वेळ उरला तर."

मी मुद्दाम काडी टाकली, म्हटलं मास्तर, ते पुराचं सांग की. हे मी आधी एकदा ऐकलं होतं पण अण्णानं ऐकायला पाहिजे होतं.

२०१९ चं सगळ्यांना माहितीच आहे, सांगलीत आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी उतरलं, शाळा भरली, बाकांवर चिखलाची रेघ तशीच. मास्तरच्या आठवीत एक पोरगी होती, ती वह्या खताच्या प्लास्टिक पिशवीत आणायची. तोंडाला गाठ. प्रत्येक तासाला गाठ सोडायची, एक वही काढायची, परत गाठ मारायची. डिसेंबर महिना, नदी तळाला, तरी गाठ. "पहिल्या आठवड्यात मी तिला झापलं रे," मास्तर म्हणाला, "म्हटलं तासाची दहा मिनिटं तुझ्या गाठीतच जातात. एक पोरगं रोज डोकं दुखतंय म्हणायचं, मी म्हटलं नाटकं करतोय. त्यांच्या गोठ्यातली दोन जनावरं दावणीलाच गेलेली. मला कळलं दिवाळीनंतर."

परतीचा पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की अर्धा वर्ग दप्तर भरायचा. कोण काही बोलायचं नाही, नुसतं भरायचा. मग यानं फळ्याच्या कोपऱ्यात, तारखेखाली, रोज आयर्विनची पातळी लिहायला सुरुवात केली. आज १४ फूट. इशारा ४०, धोका ४५. पोरांनी वजाबाकी करायची, इशाऱ्याला अजून किती? २६. मग बसा. पुढं पुढं पोरंच येऊन लिहायला लागली, आकडा चुकला तर भांडायची. आणि भिंतीतल्या कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा यानं रिकामा करून दिला, ज्याला वह्या वर ठेवायच्यात त्यानं ठेवा, का ते विचारणार नाही.

"आणि ती पोरगी?"

"२०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, तेव्हा शाळा कोरोनानं बंद. रात्री तिचा मेसेज, सर आज किती फूट. मी रोज पाठवायचो. मग दहावीत शाळा भरली तर पिशवी होतीच. पण गाठ नव्हती, नुसतं तोंड दुमडलेलं." वर म्हणाला, "मी काय डॉक्टर नाही. पोरगं जिवाचं काही बोललं तर ते माझ्यापाशी ठेवायचं नसतं, त्याच दिवशी घरचे, हेडमास्तर, डॉक्टर, सगळ्यांना सांगायचं. तेवढ्यासाठी तरी माणूस पाहिजे शाळेत. वजाबाकीनं सगळं भागत नाही."

अण्णाला हे असं गप्प बसणं सोसत नाही. म्हणाला, "पूर मलापण आला होता. आठ फूट पाणी दुकानात. मला दिला कुणी समुपदेशक? मन घट्ट पाहिजे."

"तुला समुपदेशक नको," पप्पू उसळला, "मला माझी स्प्लेंडर पाहिजे!"

झालं. २०१९ ची केस परत बोर्डावर. पप्पूनं गाडी अण्णाच्या आवारात लावली होती, अण्णानं टीव्ही वर नेला, इन्व्हर्टर वर नेला, कुंडीतली तुळस वर नेली, आणि स्प्लेंडर ठेवली पाण्यात. अण्णाचं म्हणणं किल्ली नव्हती. पप्पूचं म्हणणं तुळशीला किल्ली लागते काय.

यात दाद्या शांतपणे म्हणाला, "एक मिनिट. दर पावसाळ्यात रात्री दोन वाजता आपल्या ग्रुपवर आयर्विनची पातळी कोण टाकतंय?"

सगळ्यांनी अण्णाकडं बघितलं.

"ते मालासाठी टाकतो," अण्णा म्हणाला. "सिमेंट असतंय खाली."

"२५ फुटाला?"

"तीन वाजता परत टाकतो हा," मी म्हटलं, "वाढ तीन इंच."

मास्तर एवढा हसला की चहा नाकातून आला. मग म्हणाला, अण्णा, उद्यापासून माझ्या वर्गात येऊन बस, वरचा कप्पा रिकामाच आहे. अण्णा लालबुंद झाला, तुम्ही सगळे बिनकामाचे, म्हणून उठला, आणि उठता उठता मामाला म्हणाला सहा चहाचे माझ्याकडून.

"नाही मामा," पप्पू ओरडला, "त्याच्याकडून चहाचे घेऊ नका, स्प्लेंडरमध्ये वळते करा!"