वीसच्या आतली मुलं मोजायचीच नाहीत का?

"पट कमी आहे." हे ऐकून ऐकून माझं डोकं फिरलंय. शाळेची कौलं गळतात, बदलून द्या म्हटलं, तर पट कमी आहे. एक गुरुजी बदलून गेले, त्यांच्या जागी दुसरे द्या म्हटलं, तर पट कमी आहे. बिल थकलं म्हणून वीज तोडली, ती जोडून द्या म्हटलं, तेव्हाही तेच. आणि आता शाळाच बंद करून पोरं खालच्या गावात 'समायोजित' करायची म्हणतात. कारण काय? पट कमी आहे, वीसच्या आत.

अहो, पट कमी झाला कसा, हे एकदा तरी विचारा ना!

आमची वाडी घाटातली. तीसेक घरं, ती पण डोंगराच्या उतारावर विखुरलेली. निम्म्या घरांतली कर्ती माणसं मुंबईला माथाडीत नाहीतर पुण्याला हॉटेलात. ज्यांना तिकडं खोली परवडते ते बायकापोरं घेऊन जातात. ज्यांना परवडत नाही त्यांची पोरं आजी-आजोबांपाशी राहतात. ती पोरं आमच्या शाळेत. पहिली ते चौथी मिळून अकरा. त्यात माझ्या भावाची मुलगी, या वर्षी पहिलीत गेलेली.

दोन वर्षांपूर्वी यापेक्षा जास्त मुलं होती. मग एका गुरुजींची बदली झाली आणि जागा रिकामीच राहिली. उरलेल्या एका बाईंनी चार वर्ग सांभाळायचे. वर पोषण आहाराची रोजची माहिती मोबाइलवर भरायची, तीही रेंज शोधत टेकाडावर जाऊन. मतदार यादीचं काम आलं की बीएलओ म्हणून घरोघर फिरायचं. केंद्रावर बैठक, तालुक्याला प्रशिक्षण, आज ही लिंक, उद्या तो फॉर्म. बाई बाहेर गेल्या की शाळेला कुलूप, कारण दुसरं माणूसच नाही. बाईंबद्दल मी एक शब्द वाकडा बोलणार नाही. पावसात छत्री उडत असताना घाट चढून येणारी ती बाई आहे. पण आठवड्यातून दोनदा कुलूप दिसलं तर आईबाप काय करतील? ज्यांच्याकडं चार पैसे होते त्यांनी बाजारगावातल्या इंग्रजी शाळेत पोरं घातली. पट अजून खाली आला. आणि त्याच घटलेल्या पटाचा कागद नाचवत साहेब आम्हाला सांगतात की तुमच्याच लोकांना शाळा नको आहे!

शाळा आधी तुम्ही उपाशी ठेवली. आता ती अशक्त आहे म्हणून तुम्हीच तिला मारायला निघालात.

अकरातली तीन मुलं तर कागदावर धरलीच नाहीत. का, तर त्यांचं आधार जुळत नाही. एकाच्या जन्मतारखेत चूक, दुसऱ्याच्या नावात वेलांटीचा फरक, तिसऱ्याचं आधार अजून निघालेलंच नाही. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवताना, आधार पडताळलेलीच मुलं धरतात, म्हणून आमचा पट आठ. दुरुस्तीला तालुक्याला जायचं म्हणजे रोजगार बुडवायचा, तिथं गेल्यावर सर्व्हर बंद. पोरगं रोज बाकावर बसतंय, पाढे म्हणतंय, खिचडी खातंय, आणि सरकारच्या हिशेबात ते नाही. याच्यावर चिडायचं नाही तर कशावर चिडायचं?

आता अंतराचं बघा. कागदावर लिहिलंय की खालची शाळा दोन किलोमीटरवर. कुणी मोजलं? मोबाइलच्या नकाशावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवून मोजलं असेल. मधला ओढा नकाशात दिसत नाही. ओढ्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, वाहून गेलाय, तो परत बांधलेला नाही, हेही दिसत नाही. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ती वाट शेवाळलेली असते, दरड कधी खाली येईल सांगता येत नाही. कारवीच्या रानातून गवे उतरतात. बिबट्यानं गेल्या पावसाळ्यात वाडीतलं वासरू नेलं. त्या वाटेनं सहा वर्षांची पोरगी एकटी पाठवायची? रस्त्यानं वळसा घालून जावं तर सात किलोमीटर.

शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा चालत एक किलोमीटरच्या आत असावी असं लिहिलंय. केंद्राच्या 2010 च्या नियमांत तर आमच्यासारख्या गावांचं जवळजवळ वर्णनच आहे. जिथं भूभाग अवघड आहे, दरडी-पुराचा धोका आहे, रस्ते नाहीत, तिथं लहान मुलांना वाटेत धोका होणार नाही अशा बेतानं, अंतराची मर्यादा कमी करून शाळा ठेवायची. कमी करून! अवघड जागी शाळा अजून जवळ आणायची, असं तो नियम म्हणतो. आमच्याकडं चाललंय नेमकं उलटं. डोंगर जितका अवघड, तितकी वस्ती लहान, तितका पट कमी, आणि तितकी शाळा लांब. हा नियम मी बैठकीत वाचून दाखवला तेव्हा उत्तर मिळालं, "ताई, वरून आदेश आहेत." वर म्हणजे कुठं? कायद्याच्याही वर?

त्याच कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. आमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या शाळांवरसुद्धा एकेका माणसाचा कारभार चाललाय, आणि 5 सप्टेंबर 2024 ला, अगदी शिक्षकदिनी, शासन निर्णय काढला की वीसपर्यंत पट असलेल्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, महिना 15 हजारांवर. ओरड झाली म्हणून अठरा दिवसांत वीसचे दहा केले, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तो निर्णयच रद्द केला. रद्द झाला हे बरंच झालं. पण मुळात असा विचार सुचतो कुणाला, की ज्यांच्याकडं आधीच काही नाही त्यांच्या पोरांना अर्ध्या पगाराचा, वर्षभराचा शिक्षक चालेल?

2023 मध्ये समूह शाळांचं, म्हणजे लहान शाळा मिळून एक मोठी करायचं, पत्र निघालं तेव्हा वीसच्या आत पट असलेल्या शाळांचा आकडा आला होता 14,783. त्यांत शिकणारी मुलं 1 लाख 85 हजारांच्या वर. आमच्यासारख्या अकरा-अकरा, बारा-बारा पोरांची ही बेरीज आहे. ही पोरं कुणाची? धनगरवाड्यांवरची, कातकरी वाड्यांवरची, ठाकरांची, महादेव कोळ्यांची, धरणानं उठवलेल्या गावांची. शहरात एका सोसायटीतली बाग काढतो म्हटलं तरी दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. इथं वाडीच्या वाडी शाळेविना राहायची वेळ आलीय आणि आमच्याशी बोलायला येतो तो फक्त केंद्रप्रमुख, तोही सही घ्यायला.

इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीच्या पोरांचं आठवतं का कुणाला? भाम धरणाच्या विस्थापितांची वस्ती. तिथली शाळा बंद केली तेव्हा 2023 साली ती पोरं शेळ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर गेली. "दप्तर घ्या, बकऱ्या द्या." शाळा मिळायला लहान पोरांना असं करावं लागतं? आणि सातारा जिल्ह्यातल्या खिरखंडीच्या मुली, ज्या कोयनेच्या पाण्यातून स्वतः होडी वल्हवत जायच्या आणि मग जंगलातून चालत शाळा गाठायच्या. 2022 मध्ये उच्च न्यायालयाला स्वतःहून त्याची दखल घ्यावी लागली, तेव्हा अधिकाऱ्यांच्या गाड्या हलल्या. त्या मुलींच्या धाडसाचे फोटो सगळ्यांनी पुढं पाठवले. मला ते फोटो बघून संताप आला होता. होडी वल्हवणं हे त्या पोरींचं काम नव्हतंच.

वाहतूक भत्त्याचं गाजर तर दाखवूच नका. महिन्याला सहाशे रुपये, दहा महिने. आमच्या वाडीपर्यंत वडापची जीप चढत नाही, सहाशे काय हजार दिले तरी. शेजारच्या वाडीची शाळा बंद केली तेव्हा हाच भत्ता कबूल केला होता. पैसे आले वर्षाच्या शेवटी, तोवर दोन पोरी घरी बसल्या. एक आता धाकट्या भावाला सांभाळते, दुसरी आईबरोबर भाताच्या लावणीला जाते. शाळेत येत नाहीत म्हणून त्यांची नावं कमी झाली. खालच्या शाळेचाही पट त्यामुळं घटलाच, मग त्या समायोजनातून कमावलं काय?

"मोठ्या शाळेत दर्जा चांगला मिळतो," हेही ऐकवतात. खोटं आहे असं मी म्हणत नाही. चार इयत्ता एका खोलीत शिकवणं सोपं नाही, खेळायला सवंगडी हवेत, संगणक हवा, सगळं मान्य. मग पाचवीपासून पुढच्या मुलांसाठी करा ना मोठी शाळा. आधी रस्ता करा, गाडी सुरू करा, ती गाडी एक अख्खा पावसाळा चालवून दाखवा. आणि पहिली ते चौथीची पोरं राहू द्या त्यांच्या घराजवळ. गाडी नाही, रस्ता नाही, साकव नाही, आणि पहिलं काम काय तर कुलूप लावणं. याला दर्जा म्हणतात?

पुढच्या आठवड्यात व्यवस्थापन समितीची बैठक आहे. समायोजनाला हरकत नाही असा ठराव करून द्या, असा निरोप आलाय. आम्ही देणार नाही. आमचा ठराव वेगळा असेल: दुसरे शिक्षक द्या, साकव बांधा, आधार दुरुस्तीचं शिबिर वाडीत घ्या. आणि अंतर मोजायचंच असेल तर जुलैत या, पहिलीतल्या पोराचा हात धरून ओढ्याच्या वाटेनं चाला आणि मग काय ते कागदावर लिहा.

ज्या कुणाच्या वाडीवर हीच वेळ आलीय त्यांनी नीट ऐका. कोऱ्या कागदावर सही, अंगठा काही देऊ नका. ठराव ग्रामसभेत घ्या, मुलांची नावं आणि प्रत्येकाच्या घरापासून चालायची वाट त्यात लिहा, ओढे-नाल्यांसकट. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं, एक जिल्हा परिषदेत, आणि दोन्हीकडून शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलू नका.