बोल्ट लाल करून पाण्यात बुडवण्याआधी

धाकट्या भावाने काल एक मेसेज पाठवला. ‘पोलाद १५०० अंशांच्या आसपास वितळतं, त्याच्या आत त्याला काही होत नाही. वाकलेला बोल्ट लालबुंद करा, ठोकून सरळ करा, पाण्यात बुडवा, नव्याहून मजबूत! एकदा भार पेलला की तो कधीच तुटत नाही.’ खाली प्रश्न: ‘दादा, ब्रेक कॅलिपरचा बोल्ट वाकलाय, करून बघू?’

ब्रेकचा! डोकंच फिरलं.

वितळण्याचं आधी उरकतो. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं, कबूल. पण ६०० अंशांनाच बांधकामातल्या साध्या पोलादाची ताकद निम्म्याच्या आसपास येते आणि ७२७ च्या वर आतली अणूंची मांडणीच बदलू लागते. लाल झालेला बोल्ट या सगळ्यातून गेलेला असतो.

आता ते पाणी. लोहार हत्याराला पाणी देतो, त्याने ते कडक होतं, एवढं खरं. पण कडक म्हणजे चिवट नव्हे. पुरेसं कार्बन असलेलं लाल पोलाद झटक्यात थंड केलं की कार्बन लोखंडाच्या अणूंच्या जाळीत अडकून पडतो आणि मार्टेन्साइट बनतं, काचेसारखं ठिसूळ. म्हणून जाणता लोहार त्याला पुन्हा बेताने तापवतो. त्यालाच टेंपरिंग म्हणतात. मेसेजमध्ये नेमकं तेच गायब!

बोल्टच्या डोक्यावर १०.९ हा ताकदीचा आकडा लिहिलेला असेल, तर त्याची ताणशक्ती, म्हणजे ओढून तुटेपर्यंतची ताकद, १००० मेगापास्कल धरलेली असते. आयएसओ ८९८-१ या मानकानुसार असा बोल्ट कडक करून किमान ४२५ अंशांना टेंपर करावा लागतो. तुम्ही तो लाल केलात की ही सगळी मेहनत पुसली. हळू निवला तर मऊ, पाण्यात निवला तर ठिसूळ.

पटत नसेल तर शिवणाच्या दोन सुया पकडीत धरून लाल करा. एक हवेत निवू द्या, ती तारेसारखी वाकते. दुसरी पाण्यात टाका आणि डोळ्यांपासून लांब, कापडात धरून वाकवा. कट्, दोन तुकडे.

‘एकदा पेललं की कायम पेललं’ हेही खोटं. १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा आस तुटला. तो आस भार पेलतच आला होता. भार पुन्हा पुन्हा पडला की प्रत्येक फेरीला बारीक चीर थोडी थोडी वाढत जाते. बोल्टमध्ये ती बहुधा आट्यांच्या खाचेत सुरू होते.

भावाने नवा बोल्ट आणलाय. डोक्यावरचा आकडा जुन्याशी जुळतो का, ते आधी बघ म्हटलंय.