रोशा तेलाचा वास बदलला म्हणजे भेसळच?

नंदुरबार-धुळ्याच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय : “सातपुड्याचं रानरोशा तेल कुठूनही घ्या, एकच. वास वेगळा आला की भेसळ समजा. शेतातल्यापेक्षा रानातलं कधीही सरस.” तीन वाक्यं आहेत, आणि तिन्ही टिकत नाहीत.

‘एकच’ हे सगळ्यात चुकीचं. रोशा, म्हणजे आपली तिखाडी, हे सुगंधी गवत, दिसायला एक. पण तिच्यात मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार. नुसतं पाहून भल्याभल्यांना ते ओळखू येत नाहीत. गुणसूत्रं मोजली तर मोतियात 20, सोफियात 40. मोतियाला निचऱ्याची, उघडी, कोरडी उतरण मानवते. सोफिया सखल, ओलसर जागी दाट माजते. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल हे गुलाबी वासाचं द्रव्य साधारण 75 ते 90 टक्के, म्हणून वास गुलाबाकडे झुकतो. सोफियात ते बरंच कमी. लिमोनीन, पेरिलिल अल्कोहोल अशी द्रव्यं वरचढ, वास उग्र. बाजारात पहिलं पामारोझा, दुसरं जिंजरग्रास. उतारावरचं आणि ओहोळाकाठचं गवत तेल काढायच्या एकाच भट्टीत कोंबलं, तर निघेल ते ना धड हे, ना धड ते. त्यात बाहेरचं थेंबभर काही मिसळलेलं नसतं.

निव्वळ मोतिया घेतला तरी वास हलतोच. कोवळ्या तुऱ्यात जिरॅनाइल ॲसिटेट हे दुसरं वासाचं द्रव्य जास्त असतं. बी भरत जातं तसं त्याचं जिरॅनिऑल होतं. भट्टीत गवत तळाला लागलं की करपट वास येतो, तो निराळाच. भेसळ होत नाही असं मी म्हणत नाही. रॉकेल किंवा शेंगदाणा तेल घातलं असेल तर तेलाच्या दोन-तीन पट 70 टक्के अल्कोहोलमध्ये मिसळल्यावर मिश्रण गढूळ होतं. चांगला पामारोझा त्यात विरघळतो. (गंमत अशी, की एकोणिसाव्या शतकात खान्देशातलं हेच तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात जायचं, ते गुलाबाच्या अत्तरात भेसळ करायला!)

राहिलं रान विरुद्ध शेत. लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेचे ‘तृष्णा’, ‘पीआरसी-1’ हे मोतियाचेच निवडक वाण; त्यामुळे शेतातल्या मालाचं तेल बरंचसं एकसारखं येतं. रानातला माल उत्तमही असू शकतो, फक्त त्याची हमी ‘रान’ या शब्दात नाही. घेताना गवत कुठल्या जागेवरचं, कापलं कधी, हे विचारा. मोठा सौदा असेल तर गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा, अहवाल मागा, आणि त्यात जिरॅनिऑलचा आकडा आधी पाहा.