‘माझा’, ‘माझी’ आणि ‘जसं बोलतो तसंच लिहितो’

मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचं म्हणणं असं: देवनागरी ही जगातली एकमेव शास्त्रशुद्ध लिपी. तिच्या अक्षरांचे आकार जीभ तोंडात जशी वळते त्यावरून बेतलेले. जगातला कुठलाही ध्वनी तिच्यात लिहिता येतो. आपण जसं बोलतो तसंच लिहितो. आणि कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य हा क्रम म्हणजे या सगळ्याचा पुरावा. मला हा मजकूर पाठवणाऱ्यांत शिक्षकही असतात, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं. मी मराठी नसलेल्या मोठ्या माणसांना मराठी वाचायला शिकवते. रोज हीच अक्षरं हाताळते आणि माझं त्यांच्यावर प्रेम आहे.

आधी आकारांचं बघू. देवनागरी ब्राह्मीतून उतरत आली. अशोकाच्या काळात, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, ‘क’ म्हणजे बेरजेचं चिन्ह होतं: एक उभी रेघ, एक आडवी. ‘ग’ उतरत्या छपरासारखा, ‘ठ’ नुसता गोल. हे बघायला लांब जायला नको. नालासोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा सापडला, तो याच लिपीत आहे. पुढच्या बावीसशे वर्षांत छिन्नी, बोरू, शाई, भूर्जपत्र आणि कागद यांनी त्या बेरजेच्या चिन्हाला वळवत वळवत आजच्या ‘क’पाशी आणलं. ‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग तेव्हाही वर टेकत होता, आजही तिथेच टेकतो. जीभ तीच राहिली आणि अक्षर ओळखू येणार नाही इतकं बदललं. मग अक्षर जिभेवरून बेतलं कसं म्हणायचं?

जिभेवरून बेतलेली लिपी जगात खरोखर आहे, पण ती कोरियाची. राजा सेजोंगने १४४३ साली हंगुल सिद्ध केली आणि १४४६ साली ती जाहीर झाली. कुठलं अक्षर कुठल्या अवयवावरून घेतलं, हे सांगणारा ग्रंथही तेव्हाच निघाला. त्यात ‘म’चं अक्षर म्हणजे तोंडाचा चौकोन आणि ‘न’चं अक्षर म्हणजे दातांकडे टेकलेली जीभ. त्यांचं श्रेय त्यांना देऊ या.

कुठलाही ध्वनी लिहिता येतो, हा दावा तर ‘बँक’ आणि ‘डॉक्टर’ लिहितानाच अडखळतो. हे शब्द आले तेव्हा आपल्याला अक्षरावर चंद्र काढावा लागला. ‘फळ’ आणि ‘फॅन’ यांतले दोन निराळे ‘फ’ आपण आजही एकाच अक्षरात भागवतो.

आता मुख्य मुद्दा, जसं बोलतो तसंच लिहितो. माझ्या वर्गात एक तमिळभाषक बाई होत्या, बँकेत नोकरीला. ‘चंद्र’ त्यांना नीट यायचा. त्याच भरवशावर त्यांनी ‘चांदणं’ वाचलं, ‘चंद्र’मधला ‘च’ लावून. मी दुरुस्त केलं, तर त्यांनी वही माझ्यापुढे धरली आणि दोन्ही ‘च’वर बोट ठेवलं. अक्षर एकच होतं. मग मी फळ्यावर ‘माझा’ आणि ‘माझी’ लिहिलं आणि मोठ्यानं म्हणून दाखवलं. तुम्हीही म्हणून बघा. ‘झ’ बदलतो. ‘चमचा’चं ‘चमचे’ केलं की शेवटचा ‘च’ बदलतो. ‘हे जग’ आणि ‘सुखाने जग’ यांत ‘जग’ दोनदा आलं, उच्चार दोन. ‘चांदणं’, ‘माझा’ यांतले मराठीचे हे दंततालव्य ध्वनी आपण दिवसभर बोलतो, पण त्यांना वेगळं अक्षर नाही. लहानपणापासून कानावर असतात म्हणून आपल्याला ते लिहायची गरजच भासत नाही.

अनुस्वाराचं तेच. ‘अंक’, ‘पंच’, ‘आनंद’, ‘आंबा’: टिंब एक, अनुनासिकं चार. ‘सिंह’ आपण ‘सिंव्ह’ म्हणतो, ‘संसार’ म्हणताना ‘सौंसार’ म्हणतो. या लेखात मी ‘बोट ठेवलं’, ‘म्हणायचं’ असं लिहिलंय, त्यातलं शेवटचं टिंब नाकात जातच नाही, तिथे फक्त ‘अ’ लांबतो. जुन्या पुस्तकांत तर ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ अशी न उच्चारली जाणारी टिंबं पानोपानी असायची. ती साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी गेली. उच्चार आणि लेखन एकच असते तर नियम करायची वेळच आली नसती.

‘करवत’ लिहितो आणि ‘कर्-वत्’ म्हणतो. ‘ज्ञ’ आपण ‘द्न्य’ म्हणतो, हिंदीवाले ‘ग्य’ म्हणतात. ‘ष’ आणि ‘श’ बहुतेकांच्या तोंडी एकच. ह्रस्व-दीर्घ कानाने ठरत असतं तर शुद्धलेखनात मुलांचे गुण तिथेच गेले नसते. मोडी लिपीत वेलांटी-उकारांचा तो भेद सहसा पाळत नसत, तरी कित्येक शतकांचा पत्रव्यवहार आणि हिशेब तिच्यात निर्वेध चालला.

राहिला क्रम. तो अलौकिक आहेच, पण तो लिपीचा नाही, वर्णमालेचा आहे. घशापासून ओठांपर्यंत ध्वनी कुठे उमटतात हे ज्यांनी शोधलं, ते शिक्षा आणि प्रातिशाख्यं, म्हणजे वेद कसे उच्चारायचे हे सांगणारे ग्रंथ, रचणारे लोक. त्यांचं काम पाठांतरावर चालायचं. देवनागरी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. त्यांनी कान आणि तोंड एवढ्यावर ही मांडणी केली. कन्नड, बंगाली, सिंहली, तिबेटी, थाई, सगळ्यांची अक्षरं वेगळी, तरी ‘क’पासून ‘म’पर्यंतची चाल हीच. बौद्ध भिक्षूंबरोबर ती जपानलाही पोचली. तिथलं मूल आजही अ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा याच ओळीने अक्षरं घोकतं, आणि तिथला ‘हा’ एके काळी ‘पा’ होता हे कळलं की ती ओळ आपल्याला लगेच ओळखू येते.