काचेची खोली आणि उघडी गच्ची

आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या महिन्यात एक वाद बराच रंगला. धाकट्या आतेभावाचे म्हणणे असे, की मुंबईच्या विमानतळावर सिगारेट ओढण्यासाठी खोल्या ठेवल्या आहेत त्या सरकारने बंद कराव्यात. कचेरीत, रेल्वेत आणि इस्पितळात बंदी असताना विमानाने जाणाऱ्यांचेच एवढे लाड कशाला? त्यावर वहिनींनी मला पुढे केले : "भाऊजी, तुमच्या फ्रँकफुर्टला काय करतात ते सांगा." परदेशात राहणाऱ्याच्या खिशात प्रत्येक वादाचा निकाल तयार असतो, असा एक समज आपल्याकडे आहे. मी स्वतः सिगारेट ओढत नाही. पण फ्रँकफुर्टच्या विमानतळावर पाहुण्यांना आणण्या-पोचवण्यात माझे इतके तास गेले आहेत, की या विषयावर दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला मिळाला असावा.

आधी घरचा कायदा पाहू. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास मनाई केली आणि २००३ च्या कायद्याने तिला कायमचे रूप दिले. मात्र त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात तिघांना सूट आहे : तीस किंवा अधिक खोल्यांची हॉटेले, तीस किंवा अधिक आसनांची उपाहारगृहे आणि विमानतळ. म्हणजे लाड एकट्या विमानप्रवाशाचे नाहीत. २००८ च्या नियमांनी अशी खोली कशी असावी हेही सांगितले आहे : चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप बंद होणारे दार आणि आतली हवा इमारतीत न मिसळता थेट बाहेर टाकणारी यंत्रणा.

फ्रँकफुर्टला सुरक्षा तपासणीनंतरच्या भागात काचेच्या छोट्या खोल्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांवर मी वर्षानुवर्षे कॅमल सिगारेटचे नाव पाहिले आहे. (उंट म्हटला की दांडेकरांच्या कॅम्लिनची शाई आठवणाऱ्या पिढीतला मी, पहिल्यांदा ते नाव वाचले तेव्हा क्षणभर गोंधळलोच.) तंबाखूची जाहिरात करणारे मोठे फलक रस्त्यांवरून हटवायला जर्मनीने १ जानेवारी २०२२ उजाडू दिले. तेव्हा या बाबतीत जर्मनीला गुरू करण्याचे कारण नाही, हे आतेभावाला मी पहिल्याच ओळीत कळवले.

शिवाय काच धुराला अडवते, ही समजूतही फारशी खरी नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये तिथल्या मोठ्या विमानतळांवर मोजणी केली, तेव्हा अशा खोल्यांच्या लगत बाहेरच्या हवेत धुराचे प्रदूषण धूम्रपानमुक्त विमानतळांच्या पाचपट आढळले आणि खोलीच्या आत तेवीसपट. दर मिनिटाला कोणीतरी आत शिरते किंवा बाहेर पडते. आपोआप बंद होणारे दार तेवढ्याच वेळा उघडतेही. अटलांटाच्या विमानतळाने २०२० च्या आरंभी आपल्या खोल्या बंद केल्या त्या उगाच नव्हे. मला मात्र सर्वांत जास्त खटकते ते दृश्य वेगळे आहे. प्रवासी आत पाच मिनिटे थांबतो आणि निघून जातो. राखेची भांडी रिकामी करणारी बाई मात्र पाळीभर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात असते, आणि तिने कधी सिगारेट ओढली आहे की नाही हे तिला कोणी विचारत नाही.

इथवर मी आतेभावाच्या बाजूचा आहे. पण "बंद करा आणि बाहेर जाऊन ओढा" हा लंडनच्या हीथ्रोचा मार्ग आपल्याकडे जसाच्या तसा चालणार नाही. हीथ्रोला काय किंवा फ्रँकफुर्टला काय, तपासणीच्या आधीच्या भागात कोणीही रस्त्यावरून आत येतो आणि बाहेर जातो. आपल्याकडे इमारतीच्या दारातच औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतो, आणि एकदा आत गेलेल्या माणसाला सहज बाहेर येता येत नाही. परदेशी जाणारा तीन तास आधी पोचतो, मग आठ तासांहून अधिक विमानात बसतो आणि फ्रँकफुर्टहून अमेरिकेचे विमान पकडायचे असेल तर त्यापुढे आणखी दहा तास. लायटर मुंबईतच काढून घेतलेला असतो, म्हणून तिथल्या खोलीत भिंतीला विजेवर तापणारी पेटवणी बसवलेली असते. ती खोली नुसती बंद केली तर सवय सुटणार नाही. चोरून ओढण्याची जागा तेवढी शौचालयात सरकेल. विमानांत धूम्रपानाला बंदी असूनही शौचालयाच्या दाराशी राखदाणी ठेवावीच लागते, ती याच कारणाने : कोणी नियम मोडलाच तर जळते थोटूक कागदांच्या डब्यात जाऊ नये.

मला पटलेली सोय मी सिंगापूरला पाहिली. तिथल्या चांगी विमानतळावर पासपोर्ट तपासणीनंतरच्या भागातून उघड्या गच्चीवर जाता येते. कॅक्टसच्या बागेचा एक भाग ओढणाऱ्यांसाठी ठेवला आहे. वर आभाळ असल्यामुळे हवा खेचणाऱ्या यंत्राची गरज नाही, आणि सफाई करणाऱ्याला धुरात कोंडून घ्यावे लागत नाही. आपल्याकडे नवी टर्मिनले बांधताना आराखड्यातच अशी गच्ची ठेवणे अवघड नाही. जुन्या इमारतींत ती होईपर्यंत २००८ च्या नियमांप्रमाणे हवा खरोखर बाहेर जाते का, हे तपासून निकाल जाहीर केला तरी पुष्कळ झाले.

हे सगळे मी गटावर सविस्तर लिहिले आणि जोडीला २०१६-१७ च्या सर्वेक्षणाचे आकडेही टाकले : महाराष्ट्रात प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करतात, तर मिसरी, खैनी, मळलेली तंबाखू असे धूर न काढणारे प्रकार सेवन करणारे २४.४ टक्के आहेत. आतेभावाने अजून उत्तर दिलेले नाही. वहिनींनी मात्र लगेच विचारले, की त्यांचे तंबाखू मळणारे तात्या दोन वर्षांपूर्वी फ्रँकफुर्टला उतरले तेव्हा त्यांच्यासाठी तिथे कोणती सोय होती. सोय काहीच नव्हती. मी त्यांच्या हातात कॉफीचा रिकामा कागदी पेला दिला होता, आणि तो घर येईपर्यंत त्यांनी झाकण लावून मांडीवर जपून धरला होता.